कच्चा लिंबू आता राज्य मागतोय: सहा ते बारा वयाच्या मुलांच्या डोक्यात नेमकं काय चालू असतं

लहानपणी खेळायला खाली उतरलं की कोणाचं तरी शेंबडं धाकटं भावंड मागे लागायचंच. त्याला घेतलं नाही तर आई ओरडणार, घेतलं तर खेळाचा विचका होणार, मग त्याच्यावर उपाय म्हणजे त्याला करायचं कच्चा लिंबू. म्हणजे तू खेळतोयस, पण तुझ्यावर राज्य येणार नाही, आउट झालास तरी आउट नाहीस, पळ कुठे पळायचं तिकडे. तीन-चार वर्षांचं पोर यात भयंकर खूश असतं. आणि मग एक दिवस, साधारण सहा-सातच्या आसपास, तेच पोर पाय आपटून म्हणतं, "मी कच्चा लिंबू नाहीये! माझ्यावर पण राज्य द्या!"

आता बघा, राज्य येणं म्हणजे खरं तर शिक्षा. सगळे लपणार, हा एकटा शोधत फिरणार, कोणीतरी मागून येऊन धप्पा देणार. तरी तो ते मागून घेतो. का? या एका "का" वर मानसशास्त्रातल्या बऱ्याच मोठ्या लोकांनी आयुष्यं घालवलीत.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे १० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालच्या मुलांना मोठ्या सोशल मीडिया अ‍ॅप्सवर अकाउंट ठेवता येत नाही, आणि तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर "आपल्याकडे पण पाहिजे" आणि "काही उपयोग नाही" अशी दोन पक्षांची लढाई चालू आहे. पण ती सगळी चर्चा टीनएजर्सची. त्याच्या आधीच्या सहा-सात वर्षांबद्दल, म्हणजे पहिली ते सातवीबद्दल, बोलणं आलं की विषय मार्कांवर आणि स्कॉलरशिपवर जातो. पोराला मित्र आहेत का, खेळात घेतात का, डबा कोणाबरोबर खातो, हे प्रश्न "किरकोळ" मध्ये जातात. माझं म्हणणं असं की या वयाचा मुख्य विषय तोच आहे आणि अभ्यास त्याच्या शेजारी चालू असतो.

मधलं बालपण म्हणजे नक्की कोणतं?

ढोबळ मानाने ६ ते १२. मानसशास्त्रात याला मधलं बालपण म्हणतात. रांगणं-बोलणं संपलेलं, मिसरूड-मुरुमं अजून सुरू न झालेली. फ्रॉइडने तर या काळाला सुप्तावस्था म्हणून टाकलं, म्हणजे त्याच्या मते आतल्या सगळ्या खळबळी या वयात जरा झोपी गेलेल्या असतात. त्यामुळे की काय, बराच काळ या वयाकडे दोन मोठ्या स्टेशनांमधल्या एखाद्या हॉल्टसारखं बघितलं गेलं, गाडी थांबली तर थांबली.

पण साध्या लोकांनी हे वय कधीच दुर्लक्षित केलेलं नव्हतं. बार्बरा रोगॉफ ही मानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ५० वेगवेगळ्या संस्कृतींच्या नोंदी तपासल्या, की मुलांवर जबाबदारीची कामं कोणत्या वयात सोपवतात. धाकट्याला सांभाळणं, जनावरं राखणं, निरोप पोचवणं वगैरे. बऱ्याच ठिकाणी उत्तर ५ ते ७ च्या आसपास येत होतं. एकमेकांना कधी न भेटलेले लोक, पण पोराकडे बघून सगळ्यांना त्याच सुमाराला वाटलं की आता याला कळायला लागलंय. आपल्याकडेही शेळ्यांमागे जाणारं पोर किंवा भावाला कडेवर घेऊन फिरणारी पोरगी त्याच वयाची दिसते, आणि ब्राह्मण घरांतल्या मुंजीचं जुनं वय आठवं, हेही त्याच ओळीत बसतं.

एरिक्सन: "बघ, मी केलं"

या वयावरचा सगळ्यात गाजलेला सिद्धांत एरिक एरिक्सनचा. १९५० मध्ये त्याने आयुष्याचे आठ टप्पे मांडले, प्रत्येक टप्प्यात एक रस्सीखेच. चौथा टप्पा आपल्या विषयाचा, आणि त्यातली रस्सीखेच उद्यमशीलता विरुद्ध न्यूनगंड. उद्यमशीलता हा जड शब्द एकदाच वापरतो, अर्थ एवढाच की "मला जमतं" ही भावना. हाताने काहीतरी करून दाखवायचं, पूर्ण करायचं आणि चार लोकांनी ते बघायचं. पतंग उडवता येणं, स्वतःची सायकल स्वतः पुसणं, पोळी गोल लाटता येणं (नकाशा झाला तरी चालेल), तीस पर्यंत पाढे, काहीही.

एरिक्सनला न्यूनगंड म्हणजे काय हे पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. तो १९०२ चा, फ्रँकफर्टचा. आई डॅनिश ज्यू, सावत्र वडील ज्यू डॉक्टर, आणि हा उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा. सिनेगॉगमध्ये मुलं त्याला परका म्हणून चिडवायची आणि शाळेत ज्यू म्हणून. पुढे कॉलेजची एकही डिग्री न घेता हा माणूस हार्वर्डला प्रोफेसर झाला. जाता जाता, अहमदाबादच्या १९१८ च्या गिरणी संपावरून गांधीजींचा मानसशास्त्रीय अभ्यास करणारा तो हाच, आणि आपले सुधीर कक्कर हार्वर्डला त्याचे असिस्टंट होते.

त्याच्या सिद्धांतातला एक भाग लोक वाचतच नाहीत. न्यूनगंड हा एक धोका झाला. पण त्याने उलटा धोकाही सांगितलाय: मूल जर "मी म्हणजे माझं काम, मला जे येतं तेवढाच मी" असं मानायला लागलं तर ते आयुष्यभर कामाचं गुलाम होतं. अबॅकस, ऑलिंपियाड, कराटे, कीबोर्ड असं टाइमटेबल फ्रिजवर चिकटवलेल्या घरांसाठी हे वाक्य आहे, आमच्या घरासकट.

"आधी केवढा आत्मविश्वास होता, आता म्हणतो मला काहीच येत नाही"

ही तक्रार मी इतक्या आईबाबांकडून ऐकलीय. बालवाडीतलं पोर बिनधास्त सांगतं की मी जगातला सगळ्यात फास्ट पळणारा आहे, मी सिंहाला हरवीन. तिसरीत तेच पोर म्हणतं मी पळायला ढ आहे. काय बिघडलं?

बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं, पोराला मोजता यायला लागलेलं असतं. डायेन रूबल आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवलं की लहान मुलांना दुसऱ्याचा स्कोअर सांगितला तरी स्वतःबद्दल मत बनवताना ती तो फारसा वापरत नाहीत, सात-आठच्या पुढे मात्र वापरायला लागतात. म्हणजे आधी मुलाची तुलना कालच्या स्वतःशी असते, "काल मला लेस बांधता येत नव्हती, आज येते", आणि आता शेजारच्या बाकाशी सुरू होते. आत्मविश्वास जो घसरतो त्यातला बराचसा भाग वास्तवाशी झालेली भेट असते.

सुसान हार्टर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी यात मोलाची भर घातली. त्यांचं म्हणणं, आठच्या पुढे मूल स्वतःला एकच मार्क देत नाही, वेगवेगळी खाती उघडतं: अभ्यास, मित्रांमध्ये स्थान, मैदानी खेळ, दिसणं, वागणूक. आणि याशिवाय एकूण मी माणूस म्हणून बरा आहे का, हे वेगळं. बँकेत पाच खाती असल्यासारखं. मजा अशी की अभ्यासाच्या खात्यात खडखडाट असूनही एखादं मूल एकूणात मस्त आनंदी असतं, कारण त्याच्या लेखी ते खातं महत्त्वाचं नसतं. आणि त्रास तेव्हा होतो जेव्हा नेमकं तेच खातं रिकामं असतं ज्यावर त्याचा, किंवा त्याच्या घरच्यांचा, सगळा जीव असतो.

बरं मग कौतुक करू का नको? कर की. फक्त १९९८ मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेकने पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेले प्रयोग लक्षात ठेव. "तू हुशार आहेस" असं कौतुक झालेली मुलं पुढचं अवघड कोडं आलं की लवकर ढेपाळली, "तू खूप मेहनत केलीस" म्हटलेली टिकली. नंतर यावर एवढा मोठा धंदा उभा राहिला, पोस्टर, वर्कशॉप, काय नि काय, आणि पुढच्या मोठ्या अभ्यासांत अशा वर्कशॉपांचा परिणाम बराच लहान निघाला. तेव्हा हे मीठ आहे, भाजी नाही.

पियाजे आणि गोट्यांचे नियम

आता माझा लाडका भाग. स्वित्झर्लंडचा झाँ पियाजे हा मोठा माणूस पोरांमध्ये जाऊन बसला आणि म्हणाला, मला गोट्या खेळायला शिकवा, नियम काय आहेत तुमचे? यातून १९३२ मध्ये त्याचं मुलांच्या नैतिक विचारांवरचं पुस्तक आलं.

त्याला दिसलं ते असं. पाच-सहा वर्षांची मुलं ठासून सांगतात की नियम बदलता येतच नाहीत, ते बाबांनी केलेत, देवाने केलेत, पहिल्यापासून आहेत. आणि एवढं सांगून खेळतात मात्र कशीही, दोघं शेजारी बसून आपापलं काहीतरी खेळतात आणि शेवटी दोघंही जिंकतात! दहा-अकराची मुलं उलट म्हणतात, नियम काय, सगळ्यांनी मिळून ठरवलं तर बदलता येतो. आणि एकदा ठरवला की मग तो जीव तोडून पाळतात.

आपल्याकडे हे बघायचं असेल तर एक टप्पा आऊट बघा. भिंतीला लागून कॅच घेतला तर एका हाताने घ्यायचा, पार्किंगमधल्या गाडीखाली गेला की दोन रन, देशपांडे काकूंच्या बाल्कनीत गेला तर आऊट आणि आणायला पण तूच जायचं. ही राज्यघटना कोणी लिहिली? कोणीच नाही, भांडून भांडून झालीय. पियाजेचा मुद्दा नेमका हाच. मोठ्यांनी दिलेला नियम मूल पाळतं कारण मोठे मोठे आहेत, त्यांच्याशी वाद घालून जिंकता येत नाही. पण बरोबरीच्या पोराला पटवायलाच लागतं, नाहीतर तो बॅट घेऊन घरी जातो. न्याय म्हणजे काय हे बरोबरीच्या माणसाशी घासाघीस करूनच कळतं असं त्याचं मत होतं.

त्याची कपांची गोष्ट पण प्रसिद्ध आहे. एका मुलाने जेवायला जाताना दार उघडलं, दारामागे ट्रेमध्ये १५ कप होते हे त्याला माहीत नव्हतं, सगळे फुटले. दुसऱ्याने आई नसताना कपाटातला जॅम चोरायला हात घातला आणि १ कप फुटला. जास्त वाईट कोण? लहान मुलं म्हणतात पहिला, १५ फुटले ना! मोठी म्हणतात दुसरा, कारण तो चोरी करत होता. नुकसान मोजण्यापासून हेतू बघण्यापर्यंतचा प्रवास या वयात होतो. (काही घरांत मोठ्या माणसांचा पण हा प्रवास झालेला नसतो, पण ते असो.)

पियाजेचं सगळं बरोबर होतं का? नाही. एलियट टुरिएल आणि इतरांनी नंतर दाखवलं की अगदी लहान मुलांनाही फरक कळतो. त्यांना विचारलं की बाईंनी परवानगी दिली तर युनिफॉर्म न घालता आलेलं चालेल का, तर म्हणतात हो चालेल. बाईंनी परवानगी दिली तर दुसऱ्याला मारलेलं चालेल का, तर नाही, तरी वाईटच. म्हणजे लहानगी पियाजेला वाटली त्यापेक्षा शहाणी असतात. शिवाय मुलींच्या खेळात कायदेकानून कमी असतात म्हणून त्यांची न्यायबुद्धी कमी, असा काहीसा सूर त्याने लावला होता, त्याबद्दल त्याला पुढे बरीच बोलणी बसली, आणि ती बसायलाच हवी होती. लंगडी किंवा सागरगोट्या खेळणाऱ्या चार मुलींमधला वाद त्याने ऐकायला हवा होता.

एक जिवलग पुरतो

हॅरी स्टॅक सलिव्हन हा अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ न्यूयॉर्क राज्यातल्या एका आडबाजूच्या शेतावर एकटा वाढला, १९४९ मध्ये गेला आणि त्याची व्याख्यानं १९५३ मध्ये पुस्तक म्हणून आली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शाळेत गेल्यावर मुलाला आधी खेळगडी लागतात, कोणीही चालतं. पण साडेआठ ते दहाच्या सुमाराला काहीतरी नवीन होतं, त्याला एक खास दोस्त पाहिजे असतो. आणि पहिल्यांदाच "मला काय मिळेल" च्या ऐवजी "त्याला बरं वाटावं म्हणून मी काय करू" असा विचार येतो. सलिव्हनच्या मते प्रेम नावाची गोष्ट इथे सुरू होते. दुसरं म्हणजे त्या दोस्तासमोर मूल मनातल्या विचित्र गोष्टी बोलून बघतं आणि त्याला कळतं की अरे, हे फक्त मलाच वाटत नाही.

याच्यातलं सगळ्यात दिलासा देणारं वाक्य म्हणजे घरात किंवा आधीच्या वर्षांत जे बिनसलं असेल ते अशी एक मैत्री बऱ्याच अंशी दुरुस्त करू शकते.

हे नुसतं गोड बोलणं नाही. १९९८ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात पाचवीत असताना पक्का मित्र असलेली आणि नसलेली मुलं १२ वर्षांनी परत गाठली. ज्यांना मित्र होता त्यांना मोठेपणी स्वतःबद्दल जास्त बरं वाटत होतं. एका कॅनेडियन अभ्यासात पाचवी-सहावीच्या मुलांच्या लाळेतलं ताणाचं संप्रेरक मोजलं, तर वाईट प्रसंगाच्या वेळी जवळचा मित्र शेजारी असेल तर ते कमी वाढत होतं. बेस्ट फ्रेंड शेजारच्या बाकावर बसू द्या म्हणून रडणारं पोर नाटक करत नाहीये, एवढं त्यातून घ्या.

मैत्रीचा अर्थ पण या वर्षांत बदलत जातो, हे रॉबर्ट सेलमनने पायऱ्या पायऱ्यांनी मांडलं. पाच वर्षांच्याला मित्र म्हणजे आत्ता जो खेळतोय तो. मग मित्र म्हणजे जो मला पेन्सिल देतो. मग देवाणघेवाण, तू मला दिलंस मी तुला दिलं, आणि नाही दिलंस तर कट्टी. कट्टी-बट्टीचा सगळा कारभार याच पायरीवरचा, सकाळी कट्टी दुपारी बट्टी. नऊ-दहाच्या पुढे कुठेतरी मैत्री भांडणानंतरही टिकते ही कल्पना येते, गुपितं येतात, आणि त्याबरोबर मत्सरही येतो, "ती आता तिच्याबरोबर डबा खाते".

वर्गातले पाच प्रकार

वर्गातल्या प्रत्येकाला विचारा, तुला कोणाबरोबर खेळायला आवडतं, कोणाबरोबर नाही. सगळ्यांची उत्तरं मांडा. १९८२ मध्ये जॉन कोई, केनेथ डॉज आणि कोपोटेली यांनी यातून पाच गट काढले: लाडके, नाकारलेले, दुर्लक्षित, वादग्रस्त (अर्ध्यांना प्रचंड आवडतात, अर्ध्यांना डोक्यात जातात) आणि मधले.

पालकांची चिंता बहुतेक चुकीच्या गटावर असते. "माझा फार शांत आहे हो, कोणाच्या लक्षातच येत नाही" म्हणजे दुर्लक्षित गट. पण ही मुलं बहुतेक वेळा ठीक असतात, दुसऱ्या वर्गात गेली की गट बदलतो, एखादा मित्र असतोच. खरी काळजी नाकारलेल्यांची, ज्यांचं नाव नावडत्या यादीत परत परत येतं. हा शिक्का चिवट असतो. कोई आणि कुपरस्मिट यांनी १९८३ मध्ये चौथीच्या मुलांना पूर्ण अनोळखी मुलांच्या गटात टाकून बघितलं, तर काही भेटींतच शाळेतली पत तिथेही उभी राहायला लागली. म्हणजे शाळा बदलली की प्रश्न सुटेल असं नेहमीच होत नाही, काही सवयी दप्तरातून बरोबर जातात.

"मुद्दाम मारलंस ना?"

कोणत्या सवयी? डॉजने एक पकडली. पोराच्या पाठीत बॉल बसला. मुद्दाम का चुकून, माहीत नाही. बहुतेक मुलं म्हणतात चुकून असेल. पण जी मुलं सारखी हाणामारी करतात त्यातली बरीच ठामपणे म्हणतात, मुद्दाम. आणि मग ती उलटा बॉल मारतात, समोरचा खरंच चिडतो, आणि याला पुरावा मिळतो की बघा, मी म्हटलं नव्हतं. वाईट हेतूचा चष्मा म्हणू आपण याला.

हा चष्मा येतो कुठून? १९९० मध्ये डॉज, बेट्स आणि पेटिट यांनी दाखवलं की लहानपणी घरात जबर मार खाल्लेल्या मुलांमध्ये समोरच्याचा हेतू वाचण्यातल्या अशा चुका जास्त दिसतात आणि त्यातून पुढची मारामारी. दोन रट्टे दिल्याशिवाय सुधारत नाही म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

"आम्ही पण मार खाल्ला, आम्हाला काय झालं?"

हा आक्षेप येणारच. सगळं भांडण वाईट नाही, वर एक टप्पा आऊटचं सांगितलंच. पण भांडण आणि छळ यातली रेघ डॅन ओल्व्हेयस या मानसशास्त्रज्ञाने आखून दिली: मुद्दाम केलेलं, परत परत केलेलं, आणि दोघांची ताकद सारखी नसलेली. तिन्ही असेल तर तो छळ. नॉर्वेमध्ये १९८२ च्या शेवटी तीन मुलांनी आत्महत्या केल्या, कारण बहुधा शाळेतला छळ, आणि १९८३ मध्ये देशभर मोहीम सुरू झाली ज्यात ओल्व्हेयसचं काम पुढे आलं. छळाला हातच लागतो असं नाही. "तिच्याशी कोणी बोलू नका, जो बोलेल तो आपल्यात नाही" हे पण त्यातच येतं, निकी क्रिक आणि ग्रोटपीटर यांनी १९९५ मध्ये याला वेगळं नाव देऊन मोजायला सुरुवात केली.

फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवल्लीने १९९६ मध्ये दाखवलेली गोष्ट मला सगळ्यात कामाची वाटते. छळ दोघांमध्ये होत नाही, पूर्ण वर्गात होतो. एक दादा, एक-दोन त्याचे उजवे हात, काही हसून चढवणारे, बरेच बाजूला बघणारे, आणि थोडे वाचवणारे. प्रेक्षक काढून घेतले की नाटक पडतं. कॅनडात शाळांच्या मैदानांवर माइक-कॅमेऱ्याने केलेल्या अभ्यासात (२००१) असं निघालं की दुसऱ्या मुलाने मध्ये पडल्यावर निम्म्याहून जास्त वेळा छळ १० सेकंदांत थांबतो. दहा! पण मध्ये पडतं कोण, फार थोडे. त्यामुळे पोराला "तू उलट मार" शिकवण्यापेक्षा "त्याला म्हण, चल आमच्यात खेळायला" हे शिकवणं जास्त उपयोगी असं मला वाटतं.

मग आईवडिलांना काही किंमतच नाही का?

ज्युडिथ रिच हॅरिस या बाईंनी १९९५ मध्ये लेख आणि १९९८ मध्ये पुस्तक लिहून जवळजवळ तसंच म्हटलं. मुलाचा स्वभाव काही जनुकांतून येतो आणि उरलेला बरोबरच्या पोरांच्या गटातून, आईबाबांच्या संगोपनाचा दूरगामी असर आपण समजतो त्यापेक्षा खूप कमी. प्रचंड गदारोळ झाला. गंमत म्हणजे याच बाईंना १९६० मध्ये हार्वर्डने पीएचडीतून काढलं होतं, त्या पत्रावर जॉर्ज मिलर यांची सही होती, आणि पुढे त्या १९९५ च्या लेखाला जो पुरस्कार मिळाला तो जॉर्ज मिलर यांच्याच नावाचा.

त्यांचा एक मुद्दा खोडता येत नाही: भाषा. न्यू जर्सीतल्या मराठी घरी जाऊन या. आईबाबा अस्सल सदाशिव पेठी, आणि पोरगा शाळेतल्या मित्रांसारखं इंग्लिश बोलतो, आईबाबांचा उच्चार नावालाही उचललेला नाही. मराठी शनिवार-रविवारच्या शाळेत शिकवलं तरी टिकते तेव्हाच जेव्हा तिथे मराठी बोलणारे मित्र मिळतात.

पण मला वाटतं बाई जरा जास्त पुढे गेल्या. वस्ती, शाळा, घरी कोण येतं-जातं, मित्र आले की तोंड वाकडं करायचं का भेळ करायची, हे मोठेच ठरवतात. आणि वाईट हेतूचा चष्मा घरीच मिळतो हे आत्ताच बघितलं.

"हे सगळे गोऱ्यांचे सिद्धांत"

रास्त आहे, बरेचसे प्रयोग अमेरिका-युरोपातल्या शाळांमधले आहेत. म्हणून एक चीनचा अभ्यास सांगतो. शिन्यिन चेनने शांघायच्या शाळांमधली मुलं १९९०, १९९८ आणि २००२ अशी तीनदा तपासली, दर वेळी नवी. १९९० मध्ये लाजाळू, बुजरी मुलं तिथे वर्गात आवडती होती, शिक्षकांनाही. अमेरिकेच्या बरोबर उलटं. १९९८ मध्ये चित्र संमिश्र. २००२ मध्ये तशीच मुलं नाकारली जात होती. मधल्या काळात मुलांचा स्वभाव बदललेला नव्हता, बाजार आलेला होता, स्वतःला पुढे करणारा माणूस भारी ठरायला लागला होता.

आमच्या आजीच्या तोंडी सगळ्यात मोठं कौतुक "पोर समंजस आहे हो" असं असायचं. आता पालकसभेत ऐकतो ते "पार्टिसिपेट करत नाही". तेच पोर, बारा वर्षांत नाही तर दोन पिढ्यांत गुणाचा अवगुण झाला.

बरं, मोबाईलचं काय?

व्हॉट्सअपचं किमान वय १३ आहे, आणि तरी आमच्या ओळखीतल्या एका चौथीच्या वर्गाचा मुलांचा ग्रुप आहे, आईच्या फोनवरून चालणारा. मागे त्यातून एका मुलीला काढलं. सकाळी कट्टी झाली होती, एवढंच. पण मैदानावरची कट्टी दुपारी मिटते, आणि इथे "रिमूव्ह्ड" असं लिहिलेलं स्क्रीनवर राहिलं, तीस जणांनी वाचलं, त्यात आया पण, आणि मग आयांची कट्टी झाली जी अजून चालू आहे.

वरच्या सगळ्या सिद्धांतांतून बघितलं तर मला तीन गोष्टी दिसतात. तुलना करायला नुकतंच शिकलेल्या वयात लाइक आणि स्कोअरच्या आकड्यांचं यंत्र हातात देणं मुलांना अवघड जातं. गेममधले नियम कंपनीने केलेले असतात, तिथे "चल, हा नियम बदलू" म्हणता येत नाही, पियाजेवाला भाग गळून जातो (तो भाग शनिवारच्या फुटबॉल कोचिंगमध्येही गळतो, तिथे सर शिट्टी मारतात, म्हणजे दोष एकट्या मोबाईलचा नाही). आणि तिसरं, पुण्यात राहून नागपूरला गेलेल्या जिवलगाशी रोज अर्धा तास व्हिडिओ कॉल करणाऱ्या पोराकडून फोन काढून घेणं हा मात्र मूर्खपणा, सलिव्हन असता तर त्याने त्याला रिचार्ज मारून दिला असता.

आमच्याकडे सध्या एवढंच ठरलंय की रविवारी संध्याकाळी सगळी पोरं खाली, फोन वर, आणि कुठलाही मोठा माणूस अंपायर होणार नाही. गेल्या रविवारी मी बाल्कनीतून घड्याळ लावून बघितलं: एक टप्पा आऊट पंधरा मिनिटं, भांडण पस्तीस. त्यात सहा वर्षांच्या एका कच्च्या लिंबाला राज्य द्यायचं की नाही यावरच दहा गेली. अंधार पडला म्हणून थांबले, कोण जिंकलं ते अजून ठरलेलं नाही.